त्वचेचं घड्याळ आणि धंद्याची घाई

माझ्या वहीत एका सिरमच्या नावाखाली दोन नोंदी आहेत. नवव्या दिवसाची: 'चेहरा तुकतुकीत दिसतोय, डाग फिके वाटतात.' सत्तराव्या दिवसाची: 'डाग होते तिथेच आहेत.' दोन्ही माझ्याच अक्षरात, आणि दोन्ही खऱ्या. नवव्या दिवशी रिव्ह्यू लिहून मी मोकळी झाले असते, तर कितीतरी जणींनी डाग जावेत म्हणून ते सिरम घेतलं असतं.

नवव्या दिवशी नेमकं काय झालं होतं? सिरममधल्या ग्लिसरीन आणि हायलुरोनिक ॲसिडनं त्वचेच्या वरच्या थरात पाणी धरून ठेवलं होतं. पाणी मिळालं की तो थर जरासा फुगतो, बारीक रेषा भरून निघतात आणि चेहऱ्यावर पडलेला उजेड एकसारखा परततो. 'चेहरा उजळला' असं आपण म्हणतो ते बहुतेक वेळा हेच असतं. हा परिणाम काही तासांत दिसतो आणि वापर थांबवला की जातो. डागाचं तसं नाही. डाग म्हणजे पेशींमध्ये साठलेलं मेलॅनिन. बाह्यत्वचेच्या तळाशी तयार झालेली पेशी वर सरकत सरकत शेवटी गळून पडायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात, वय वाढतं तसे आणखी जास्त. सिरमनं आजपासून तळाशी मेलॅनिन कमी बनू दिलं, तरी आधीच वाटेवर असलेल्या पेशी आपल्या रंगासकट वर येणारच. त्या गळेपर्यंत आरशात काही कळत नाही.

मी मेकअप आणि स्किनकेअरचे रिव्ह्यू करते आणि त्याचबरोबर स्वतःची छोटी ब्युटी उत्पादनं बनवून विकते. या दोन कामांबद्दल मला खूप प्रश्न येतात. कॅमेरा कुठला, सुरुवात किती बाटल्यांनी करू, फॉलोअर किती झाल्यावर विकायला लागू. मला मात्र या सगळ्याच्या मुळाशी एकच अडचण दिसते. त्वचा तिच्या गतीनं चालते आणि धंद्याला ती गती परवडत नाही. दर आठवड्याला नवीन काहीतरी दाखवावं लागतं, नवा माल हंगामाच्या आत आणावा लागतो. रिव्ह्यूमधल्या आणि उत्पादनातल्या बहुतेक चुका या घाईतून होतात, आणि त्या कशा होतात हे समजलं तर बऱ्याच टाळताही येतात.

कशाला किती वेळ द्यायचा

मेकअपचा हिशोब तासांचा आहे. फाउंडेशन लावल्याबरोबर जो रंग दिसतो तो त्याचा खरा रंग नसतो. त्यातले उडून जाणारे घटक, विशेषतः हलके सिलिकॉन, पहिल्या काही मिनिटांत उडतात आणि रंगद्रव्यं त्वचेवर दाट होऊन बसतात. मग त्वचेचं तेल त्यात मुरतं. ओल्या कापडाचा रंग सुक्यापेक्षा गडद दिसतो, तसंच तेलात भिजलेलं रंगद्रव्यही गडद दिसतं. 'फाउंडेशन ऑक्सिडाइज झालं' असं सगळेजण म्हणतात. पण फाउंडेशनमधला लाल, पिवळा, काळा रंग येतो तो आयर्न ऑक्साइडपासून, म्हणजे आधीच ऑक्साइड असलेल्या पदार्थापासून. त्यामुळे रंग बदलण्याचं कारण बहुतेक वेळा या उडून जाण्यात आणि तेलात भिजण्यात असतं. म्हणून मी शेड अर्ध्या तासानं बघते, मग चार तासांनी, मग आठ. तिन्ही वेळा त्याच खिडकीशी, दिवसाच्या उजेडात. रिंग लाइटसमोर सगळीच फाउंडेशन बरी दिसतात, कारण समोरून गोल पडणारा उजेड खड्ड्यांच्या आणि रंध्रांच्या सावल्या पुसून टाकतो. फोनचा कॅमेराही चेहरा आपणहून गुळगुळीत करतो. ते सेटिंग बंद केलं नसेल, तर तो फोटो पुरावा म्हणून कामाचा नाही.

शेडबद्दल बोलताना काहीजण 'फिट्झपॅट्रिक टाइप 4' वगैरे सांगतात. ही पद्धत थॉमस फिट्झपॅट्रिक या त्वचारोगतज्ज्ञानं 1975 मध्ये मांडली, ती अल्ट्राव्हायोलेट उपचाराची मात्रा ठरवण्यासाठी. उन्हात त्वचा किती भाजते आणि किती काळवंडते याची ती विभागणी आहे. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे गट तिला नंतर जोडले गेले. फाउंडेशनची शेड निवडायला तिचा उपयोग नाही. तुमच्या वाचकांना शेड सांगायची असेल, तर तुम्ही रोज वापरता त्या दोन-तीन शेडची नावं सांगा आणि तुमचा अंडरटोन, म्हणजे रंगाखालची झाक, पिवळसर, गुलाबी की ऑलिव्ह ते सांगा. त्यावरून त्यांना स्वतःचा अंदाज बांधता येतो.

मॉइश्चरायझरला मी दोन ते चार आठवडे देते. ओलावा पहिल्या दिवशी कळतो, पण स्किन बॅरियर सुधारला का, म्हणजे चेहरा धुतल्यावर ओढल्यासारखा होणं थांबलं का, हे कळायला तेवढा वेळ लागतो. मुरमांवरचं काही असेल तर 8 ते 12 आठवडे. डागांवरचं असेल तर निदान तेवढेच. रेटिनॉलसारख्या, म्हणजे व्हिटॅमिन एच्या कुटुंबातल्या, घटकांचा रेषांवरचा परिणाम पाहायचा तर तीन महिन्यांच्या आत तोंड उघडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

इथे 'पर्जिंग' या शब्दाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्या नावाखाली लोक आपल्या चेहऱ्याचं बरंच नुकसान सोसतात. रेटिनॉइड (रेटिनॉल आणि त्याच्या जातीचे घटक) किंवा त्वचेचा वरचा थर सोलणारी ॲसिड पेशींची उलाढाल वाढवतात, त्यामुळे आत दबलेली मुरमं लवकर वर येऊ शकतात. ती नेहमीच्या जागीच येतात आणि काही आठवड्यांत ओसरतात. पण साध्या मॉइश्चरायझरनं किंवा फेस ऑइलनं मुरमं आली, ती नव्या जागी आली, सोबत खाज किंवा आग असली, तर ते पर्जिंग नसतं, ते उत्पादन तुम्हाला मानवलेलं नसतं. थांबायचं. विकणाऱ्यानं 'त्वचा घाण बाहेर टाकतेय, वापरत राहा' असं सांगणं मला अक्षम्य वाटतं.

ॲलर्जी आणखी वेगळी असते. ॲसिडनं चुरचुरणं हा त्रास लगेच होतो आणि कोणालाही होऊ शकतो. ॲलर्जीची प्रतिक्रिया एक-दोन दिवसांनी येते. म्हणून त्वचारोगतज्ज्ञ संशयित पदार्थ घालून पाठीवर लावलेल्या पट्ट्या 48 तासांनी काढतात आणि त्यानंतर पुन्हा एकदा, 72 किंवा 96 तासांनी, ती जागा तपासतात. कानामागे थोडं लावून दहा मिनिटांत 'काही झालं नाही' म्हणणं म्हणजे पॅच टेस्ट नव्हे. घरी करायची सोपी पद्धत अशी: कोपराच्या आतल्या बाजूला, छोट्याशा जागेवर, दिवसातून दोनदा, सात दिवस लावायचं. ही पद्धत त्वचेवर तसंच ठेवायच्या उत्पादनांसाठी, धुऊन टाकायच्या नव्हे. नवीन वस्तू चेहऱ्यावर जाण्याआधीचा हा एक आठवडा मी कधीच सोडत नाही.

आपलं मनच आपल्याला कसं हुलकावणी देतं

माणूस मुरमांसाठी नवीन क्रीम कधी विकत घेतो? मुरमं सगळ्यात वाईट असतात तेव्हा. मुरमं आपोआप कमी-जास्त होत असतात, म्हणजे सगळ्यात वाईट आठवड्यानंतरचा आठवडा क्रीम लावलं काय, नाही लावलं काय, बहुधा कमी मुरमांचाच असणार. टोकाची स्थिती पुन्हा सरासरीकडे सरकते, ही गोष्ट फ्रान्सिस गॉल्टननं 1886 मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीवरून दाखवली होती. स्किनकेअरच्या 'आधी आणि नंतर' फोटोंचा अर्धा प्रभाव याच गोष्टीतून येतो असं मला वाटतं. औषधांच्या चाचण्यांत म्हणूनच एका गटाला नुसतं बेस क्रीम देतात, औषध न घातलेलं. मुरमांच्या कितीतरी चाचण्यांत त्या गटाचीही मुरमं चांगली कमी होतात. औषधाचं श्रेय फक्त दोन गटांतल्या फरकाचं असतं.

घरी दोन गट करता येत नाहीत, पण चेहऱ्याचे दोन भाग करता येतात. माझी धाकटी बहीण दोन क्रीम सारख्या पांढऱ्या डब्यांत भरते, एकीला लाल धागा बांधते, दुसरीला निळा, आणि कुठलं कशात आहे ते कागदावर लिहून स्वतःकडे ठेवते. मी उजव्या गालाला लाल, डाव्या गालाला निळं लावते आणि दर रविवारी नोंद करते. पहिल्यांदा हे केलं तेव्हा तिसऱ्या दिवशीच फसलं. लाल डबीतल्या क्रीमला गुलाबाचा वास होता आणि मी ते लगेच ओळखलं. पण त्यातूनही शिकायला मिळालं. मी तोपर्यंत त्या क्रीमला 'मऊ, शांत करणारं' म्हणत आले होते. वास डोक्यात नसताना, दुसऱ्या वेळी बिनवासाची दोन क्रीम घेतल्यावर, सहा आठवड्यांत माझ्या दोन गालांत मला काही फरक सापडला नाही. 'शांत करणारं' जे होतं ते नाकाला होतं.

सुगंध लोकांना आवडतो हे खरं आहे आणि ते आवडणं खोटं नाही. पण रिव्ह्यूमध्ये ते सुगंधाच्या नावानं लिहायला हवं, त्वचेच्या नावानं नाही.

लेबल वाचणं म्हणजे रिव्ह्यू नव्हे, तरी वाचता आलं पाहिजे

बऱ्याच देशांत घटकांची यादी उतरत्या क्रमानं छापावी लागते. जास्त प्रमाणातले आधी, आणि 1 टक्क्याच्या खाली गेलं की क्रम कसाही चालतो. यातून एक उपयोगी खूण मिळते. फेनॉक्सीइथेनॉल हे फार वापरलं जाणारं प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे जंतू वाढू न देणारा घटक, युरोपीय नियमांनुसार 1 टक्क्याच्या वर घालता येत नाही. त्यामुळे यादीत त्याच्या मागे जे काही येतं ते साधारणपणे 1 टक्का किंवा त्याहून कमी असतं. डबीवर मोठं फूल छापलेलं आणि त्या फुलाचा अर्क फेनॉक्सीइथेनॉलच्याही मागे असेल, तर तो अर्क मुख्यतः डबीसाठी आहे हे ओळखावं. पण उलटही ध्यानात ठेवावं. रेटिनॉल अगदी थोड्या प्रमाणातही काम करतं, ते यादीच्या शेपटाला असलं तर त्यात वावगं काही नाही.

यादी काय सांगत नाही हे जास्त महत्त्वाचं. ती पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, सांगत नाही. साध्या व्हिटॅमिन सीला, म्हणजे एल-ॲस्कॉर्बिक ॲसिडला, त्वचेत शिरायला पीएच 3.5 च्या खाली लागतो. तोच घटक, तेवढाच टक्का, पण पीएच वेगळा, तर काम वेगळं. ती बाटली किती दिवस उन्हात पडून होती हेही यादी सांगत नाही. व्हिटॅमिन सीचं सिरम आधी फिकट पिवळं, मग नारिंगी, मग तपकिरी होत जातं, कारण हवेतल्या ऑक्सिजननं ते खराब होत असतं. म्हणून रिव्ह्यूमध्ये मी बाटली उघडल्याची तारीख आणि बॅच नंबर लिहून ठेवते. उघड्या डबीच्या चित्रात '12M' लिहिलेलं असतं, ते उघडल्यापासूनचे महिने असतात, विकत घेतल्यापासूनचे नव्हेत.

आता प्रिझर्व्हेटिव्हची गोष्ट, कारण रिव्ह्यू करणाऱ्या आपल्यासारख्यांचा त्यात हात आहे. 2004 मध्ये ब्रिटनमध्ये एक शोधनिबंध आला. स्तनाच्या कर्करोगाच्या 20 गाठींच्या नमुन्यांत पॅराबेन, म्हणजे जुन्या वापरातली एक प्रकारची प्रिझर्व्हेटिव्ह, सापडले होते. पॅराबेनमुळे कर्करोग झाला असं त्या निबंधात सिद्ध झालेलं नव्हतं, निरोगी ऊतींशी तुलनाही नव्हती. पण बातमी पसरली, 'पॅराबेन-फ्री' हा शब्द डब्यांवर आला आणि कंपन्या इतर प्रिझर्व्हेटिव्हकडे वळल्या. त्यांपैकी एक होतं मिथाइलआयसोथायाझोलिनोन. त्यानं युरोपात कॉन्टॅक्ट ॲलर्जीची, म्हणजे त्वचेला लागल्यानं होणाऱ्या ॲलर्जीची, अक्षरशः साथ आणली. 2013 मध्ये अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीनं त्याला 'वर्षाचा ॲलर्जन', म्हणजे ॲलर्जी आणणारा पदार्थ, ठरवलं. 2017 पासून युरोपीय संघात ते त्वचेवर ठेवायच्या उत्पादनांत घालायला बंदी आहे. आणि 2019 मध्ये त्याच सोसायटीनं पॅराबेनना 'वर्षाचा नॉन-ॲलर्जन' म्हटलं, कारण इतक्या वर्षांच्या वापरात त्यांची ॲलर्जी फारच कमी दिसली होती. घाईनं केलेली एक ओळ, 'यात पॅराबेन आहे, टाळा', कुणाच्या तरी पापण्यांवर पुरळ बनून उमटू शकते. असल्या ओळी मीही पूर्वी लिहिल्या आहेत, आणि नंतर त्या दुरुस्त केल्या आहेत.

स्वतःची डबी भरायची तेव्हा

माझ्या पहिल्या क्रीममध्ये प्रिझर्व्हेटिव्ह नव्हतं. 'नैसर्गिक' म्हणून मला ते नकोच होतं. कोरफडीचा गर, तेल, तेल-पाणी एकजीव करणारं इमल्सिफायर, छान पांढरं क्रीम. ओळखीतल्या बारा जणींना दिलं आणि एक डबी राखून ठेवली. एकोणिसाव्या दिवशी झाकण उघडलं तर आतल्या कडेला राखाडी ठिपका होता, मोहरीच्या दाण्याएवढा, आणि वास किंचित आंबूस. मी त्या दिवशी बाराही जणींना फोन केले. एक म्हणाली, "अगं, मला तर काहीच दिसत नाहीये, चांगलं आहे." मला भीती वाटली ती त्या वाक्याची. बुरशी निदान दिसते तरी. बॅक्टेरिया लाखोंनी वाढले तरी क्रीम पांढरंशुभ्रच राहू शकतं.

जिथे पाणी आहे तिथे जंतू वाढणार, मग ते नळाचं पाणी असो, गुलाबपाणी असो की कोरफडीचा गर. म्हणून क्रीम, लोशन, टोनर विकायचं तर प्रिझर्व्हेटिव्ह हवंच, आणि ते पुरतं का हे लॅबमध्ये तपासायला हवं. त्या तपासणीला चॅलेंज टेस्ट म्हणतात. उत्पादनात मुद्दाम जंतू सोडतात: स्यूडोमोनस, स्टॅफिलोकोकस, ई. कोलाय, कॅन्डिडा यीस्ट आणि ॲस्परजिलस बुरशी. मग 7, 14 आणि 28 दिवसांनी मोजतात की ते किती उरले. ती 28 दिवसांच्या आत उरकत नाही, लॅबला कितीही विनवा.

याखेरीज स्टॅबिलिटी टेस्ट. 40 अंश सेल्सिअसला तीन महिने ठेवून पाहतात की तेल-पाणी वेगळं होतं का, रंग, वास, पीएच, घट्टपणा बदलतो का. कपाटात वर्षभरात जे होईल ते लवकर दिसावं म्हणून तापमान वाढवलेलं असतं. तापवणं आणि गोठवणं असे फेरेही करतात, कारण मालाच्या प्रवासात दोन्ही होतं. आणि हे सगळं विकायच्याच डबीत करायचं, प्रयोगशाळेच्या काचेच्या भांड्यात केलेलं पुरत नाही. पंप, झाकणाचं अस्तर, प्लास्टिक यांच्याशीही क्रीमचं जमावं लागतं.

हे ऐकून नव्यानं सुरुवात करणाऱ्या हिरमुसतात. त्यांना मी सांगते, पहिलं उत्पादन बिनपाण्याचं घ्या. लिप बाम, क्लीन्सिंग बाम, बॉडी बटर. तेल, मेण आणि बटर यांत जंतूंना वाढायला पाणीच नसतं. तेल खवट होऊ शकतं, त्यासाठी व्हिटॅमिन ई घालतात, आणि ओली बोटं डबीत बुडवू नका असं लेबलवर लिहायचं. बटर दाणेदार होणं ही वेगळी कटकट आहे, शिआ बटर हळू थंड झालं की होतं. पण दाणे त्रासदायक असले तरी घातक नसतात.

सनस्क्रीन मात्र घरी बनवू नका. एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा, मोजताना लॅबमध्ये दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम एवढा थर देतात आणि निदान दहा माणसांच्या त्वचेवर तपासतात. झिंक ऑक्साइड क्रीममध्ये कालवलं की एसपीएफ तयार होत नाही. ते नीट पसरलं नसेल तर थरात भोकं राहतात आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. हेच रिव्ह्यूलाही लागू आहे. सनस्क्रीनचं चिकटणं, पांढरेपणा, डोळ्यात जाणं, मेकअपखाली गोळे होणं यावर तुम्ही पोटभर लिहा. ते किती संरक्षण देतं हे घरी कळू शकत नाही, आणि तसं म्हणूही नये. बहुतेक माणसं लॅबमधल्या थराच्या निम्मं किंवा त्याहून कमी लावतात, एवढं जरूर सांगा. त्यानं कुणाचं तरी भलं होईल.

स्वतः न बनवता, तयार फॉर्म्युल्यावर आपलं नाव लावून घ्यायचा मार्गही आहे. त्यात कमीपणा काही नाही. फक्त तोच बेस इतर दहाजणांच्या नावानंही विकला जात असू शकतो, तेव्हा 'मी घडवलेला खास फॉर्म्युला' म्हणू नका. तपासणीचे अहवाल उत्पादकाकडे मागा, तुमच्या बॅचचे. कमीत कमी किती नग घ्यावे लागतील हा आकडा तुमच्या विक्रीपेक्षा मोठा निघाला, तर उरलेल्या मालाची मुदत टळत जाते आणि मग सवलतीत विकायची घाई होते.

दोन्ही खुर्च्यांवर एकाच वेळी बसणं

ज्या दिवशी माझा पहिला बाम विकला गेला, त्या दिवसापासून माझे बामचे रिव्ह्यू संपले. मी ठरवून थांबवले. दुसऱ्याचा बाम चांगला आहे हे लिहिताना माझा हात अडखळला असता, वाईट आहे हे लिहिताना सैल सुटला असता, आणि दोन्ही वेळा मला स्वतःला ते कळलं नसतं. जे मी विकते त्या प्रकाराचा मी रिव्ह्यू करत नाही. जे फुकट आलं ते फुकट आलं असं पहिल्याच वाक्यात सांगते, वर्णनाच्या तळाशी नाही. लिंकवरून कमिशन मिळत असेल तर तेही तिथेच. फुकट आलेल्या वस्तूला तेवढेच आठवडे द्यायचे, आणि पाठवणाऱ्याला ते आधीच कळवायचं. काहीजण मग पाठवत नाहीत. चालेल.

स्वतःच्या उत्पादनाला मैत्रिणींनी, कर्मचाऱ्यांनी रिव्ह्यू देणं हा छोट्या धंद्यात सगळ्यात जास्त होणारा प्रकार आहे, आणि त्यात आपण काही चुकतोय असं कुणाला वाटतही नाही. 2019 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे व्यापारातल्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी आयोगानं, एका स्किनकेअर ब्रँडवर कारवाई केली. कर्मचाऱ्यांना खोटी खाती उघडून कंपनीच्याच उत्पादनांचे रिव्ह्यू लिहायला लावल्याचा आरोप होता, आणि ते जवळपास दोन वर्षं चाललं होतं. त्या वेळी दंड झाला नाही, त्यावर आयोगातही मतभेद झाले. 2024 मध्ये आयोगानं खोट्या रिव्ह्यूंसाठी वेगळा नियमच केला, त्यात आतल्या माणसांनी नातं न सांगता दिलेले रिव्ह्यूही येतात. पण कायद्याची भीती हे माझं मुख्य कारण नाही. खोट्या कौतुकानं उत्पादन सुधारायची आपली एकुलती वाट बंद होते, म्हणून मला ते नको.

बॉडी बटर मी पंधरा जणींना वापरायला दिलं होतं. नऊ जणींनी कळवलं, सगळ्यांना आवडलं. मी तसं छापायला निघाले होते, मग म्हटलं उरलेल्या सहा जणींना फोन तरी करावा. तिघी विसरल्या होत्या. एकीनं ते आईला दिलं होतं. दोघी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग एक हळूच म्हणाली, "ताई, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही, पण पोटऱ्यांवर बारीक पुरळ आलं." दुसरीचंही तेच, शेव्हिंग केलेल्या पायांवर. सुगंधी तेलाचं प्रमाण मी त्यानंतर कमी केलं आणि लेबलवर शेव्हिंगबद्दल ओळ घातली. ज्यांना त्रास होतो त्या सहसा भांडत नाहीत, गप्प बसून वापरणं सोडतात. तेव्हापासून टेस्टर बायकांना मी तारखा लिहिलेलं कार्ड देते: दिवस 1, दिवस 7, दिवस 28, दिवस 56. त्यात 'वापरणं थांबवलं का? कधी? का?' हा प्रश्न सगळ्यात वर असतो. आणि उत्तर आलं नाही की मी फोन करते.

शब्दांचंही तसंच. 'त्वचा मऊ ठेवतं', 'डाग कमी उठून दिसतात' हे सौंदर्यप्रसाधनाचं बोलणं झालं. 'मुरमं बरी करतं', 'एक्झिमा घालवतं' असं म्हटलं की बहुतेक देशांत ते औषध मानलं जातं आणि औषधाचे नियम लागू होतात. ग्राहकानं उत्साहानं 'माझा एक्झिमा गेला' असं लिहिलं आणि ते तुम्ही उचलून जाहिरातीत लावलं, तर तो दावा तुमचा होतो. अशा बाईला मी आभार मानून एवढंच कळवते की डॉक्टरांचं औषध सोडू नका.

सध्या माझ्या त्याच पांढऱ्या क्रीमची नवी आवृत्ती तपासणीत आहे, या वेळी प्रिझर्व्हेटिव्हसह. चॅलेंज टेस्टमधून ते पार पडलं. तीन डब्या लॅबमध्ये 40 अंशांच्या कपाटात आहेत, तीन माझ्याकडे फळीवर. नेहमीच्या एका ग्राहक बाईंनी काल परत विचारलं, कधी येतंय म्हणून. आज एकसष्टावा दिवस आहे. सकाळी फळीवरची एक डबी खिडकीशी नेऊन तिरकी धरली, कडेला तेलाची रेघ सुटलीय का ते पाहायला. नव्हती. वास ठीक. वहीत तेवढं लिहिलं आणि त्यांना कळवलं, अजून एकोणतीस दिवस.